रिकामा पोर्ट

संगणक एकमेकांना जोडणारा नवा नेटवर्क स्विच आला, तशी चारुशीला वाचनालयातल्या एकेका संगणकाची वायर जुन्यातून काढून नव्यात बसवू लागली. वायर निघाली की यंत्रांना एकटं पडल्यासारखं वाटायचं, म्हणून ती प्रत्येकाला सांगायची, "दोनच मिनिटं हं."

शेवटी नोंदणीचा म्हातारा संगणक उरला. तो भंगारात जाणार होता. त्याला काय सांगावं, तिला सुचेना.

"मला कळलंय, ताई. काढा," तोच म्हणाला.

तिने वायरीला हात घातला. इतकी वर्षं वाचक निघताना जे म्हणत, तेच तो म्हणाला, "बरंय, येतो."

नव्या स्विचमध्ये एक पोर्ट रिकामा होता. चारुशीलाने वायर काढून तिथे खटकन बसवली.

"येतो म्हणालास ना? मग ये की!"