उलथनं वर!

सासूबाईंनी उलथनं वर केलं, म्हणजे त्यांना कळलं नव्हतं.

माझा कॉम्प्युटरचा पॉडकास्ट नवशिक्यांना जड जातो आणि जाणत्यांना बाळबोध वाटतो, म्हणून रेकॉर्डिंगला मी दोघांना समोर बसवते. डोक्यावरून गेलं तर सासूबाईंनी उलथनं उचलायचं, फारच सोपं झालं तर इंजिनिअर नवऱ्यानं जांभई द्यायची.

आज 'कॅश मेमरी' होती.

"असं बघा," मी म्हटलं, "सारखं लागणारं आपण माळ्यावर ठेवत नाही, मिसळणाच्या डब्यात हाताशी ठेवतो. कॉम्प्युटरही तेच करतो."

"एवढंच होय! मग आधी सांगायचंस की!"

मी धास्तावून नवऱ्याकडे पाहिलं. जांभई आली नाही. त्यानं आईच्या हातातलं उलथनं घेतलं आणि वर केलं.

"मिसळणाचा डबा म्हणजे कुठला गं?"

सासूबाईंनी लांबलचक जांभई दिली.