खडूची चिमणी

मालिनीबाईंनी ओल्या फडक्याने बालवाडीच्या दाराजवळचा चौकोन पुसला आणि खिडकीखाली, किर्तीच्या शेजारी, निळ्या खडूने नवा आखला. चौकोनात एक चिमणी काढली. "जा गं स्वप्नाली, तुझं घर तिकडं गेलं."

चार वर्षांची स्वप्नाली आपला डबा उचलून नव्या चौकोनात जाऊन बसली.

भाविका दाराशी उभी राहून बघत होती. "आत्या, परवाच तर दिली होतीस तिला ती जागा."

"दिली होती. पण तिथं बसून ती दाराकडं तोंड करून खाऊ खायची. दोन दिवस वाट बघितली, आज तिला विचारलं. म्हणाली, किर्तीजवळ." मालिनीबाईंनी फडकं पिळलं. "खडूनंच आखलंय गो. कोरलंय थोडंच!"

भाविकाचा हात खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. पिशवीत एक फॉर्म होता. लांबचं ते विद्यापीठ सोडून उल्हासनगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला यायचं, तर त्यावर पालकांची सही हवी होती, आणि आज शेवटची तारीख होती. कॉलेजने जागा आहे म्हणून कळवलं होतं. राहिली होती ती फक्त सही. पप्पा बारा वाजता मुलांच्या खाऊसाठी केळी घेऊन बालवाडीत येणार होते.

"आत्या, तू सांग ना पप्पांना."

"मी नाही सांगणार. तू सांग. मी शेजारी उभी राहीन."

"काय सांगू? तिकडं कुणी त्रास दिला असता तर सांगता तरी आलं असतं. कुणी काही केलंच नाही." भाविकाने पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला. "सात महिन्यांत माझं नाव फक्त हजेरीलाच कुणीतरी घेतलं."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"रोज एक वाजता तुझा फोन. तोंडात घास, मागं भांड्यांचा आवाज, आणि 'काय चाललंय आत्या'. पहिल्या आठवड्यात वाटलं, माया आली पोरीला. दुसऱ्या आठवड्यात कळलं, जेवायला शेजारी कुणी नाही." मालिनीबाई हसल्या. "तीस वर्षं हेच केलं मी. भिंतीकडं तोंड करून खाणारं पोर मला फोनवरसुद्धा ओळखू येतं."

भाविकाने डोळे पुसले. "पण लोक काय म्हणतील? नाक्यावर एवढा मोठा फ्लेक्स लावला होता पप्पांनी. 'बदलापूर गावची शान'. खाली सगळ्या काकांचे गॉगल लावलेले फोटो. आता त्या नाक्यावरून कॉलेजला कशी जाऊ?"

"नाक्यावरून आलीस ना आत्ता? दिसला का?"

भाविका मान खाली घालून आली होती.

"मग इथं तरी खाली बघ. उभी कशावर आहेस?"

भाविकाने खाली पाहिलं. मुलं जाड, पांढऱ्या कापडावर बसली होती आणि त्यावर रंगीत खडूने सगळ्यांचे चौकोन आखले होते. तिने वाकून एक कोपरा उलटा केला. आतून तिचा स्वतःचा कान, कानातला डूल आणि 'शान' बाहेर आलं.

"फरशी गार लागते पोरांना," मालिनीबाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर उतरवला तो. कुठं गेला म्हणून गावात एकानं विचारलं नाही. तिथं आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागलाय."

"बाई, केळी आली!" मुलं ओरडली. मालिनीबाईंचा भाऊ दिपेश केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन दारात उभा होता. भाविकाला उलट्या कोपऱ्याशी बसलेली पाहून तो तिथेच थबकला.

मालिनीबाई येऊन भाविकाच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"पप्पा," भाविका म्हणाली, "मला तिकडं परत नाही जायचं. सात महिने एकटीच जेवतेय मी. शिकायचंय, पण इथून." आणि तिने फॉर्म पुढे धरला.

दिपेशने घड खाली ठेवला. फॉर्म हातात घेतला, पण नजर त्या कोपऱ्यावरच होती.

"हा मीच उतरवला," तो म्हणाला. "वाऱ्यानं फाटायला लागला होता. बरोबर तुझ्या तोंडापाशी. कामावर जाता-येता रोज दिसायचं. बघवेना." त्याने खिसे चाचपले. "ताई, पेन दे गो. आणि काय गो भाविका, हे सांगायला सात महिने? मी काय खातो तुला?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच. तू एकटी जेवत होतीस त्याचं वाटलं." सही करून त्याने फॉर्म तिच्या हातात दिला. "केळं खा आधी. मग आपण दोघं कॉलेजात जाऊन देऊन येऊ."

मालिनीबाईंनी केळी वाटली. आपलं केळं घेऊन भाविका सवयीने भिंतीशी जाऊन बसली. दुसरा हात तसाच सवयीने पिशवीतल्या फोनकडे गेला.

स्वप्नाली तिच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने फ्रॉक गोळा केला आणि बसल्या बसल्या किर्तीच्या बाजूला सरकली. सरकताना तिची निळी चिमणी अर्धी पुसली गेली.

"ताई, इकडं ये," मोकळ्या झालेल्या अर्ध्या चौकोनावर हात थोपटत ती म्हणाली. "जागा आहे."