बारावा स्वर

संध्याकाळी लीड्सच्या सभागृहात तरुण संगीतकार हेडलीची पहिली सिम्फनी वाजायची होती. ऐन तालमीत वाद्यवृंदाचे संचालक ऑर्मरॉडसाहेबांनी छडी खाली ठेवली.

"बाराही स्वरांची पाळी झाल्याशिवाय एकही स्वर पुन्हा घ्यायचा नाही, हा नियम तुझाच ना रे? मग या संथ भागात अकरा झाले की लगेच दुसरी फेरी कशी? बारावा काय चहाला गेलाय? समीक्षक हसतील. मी तो स्वर हॉर्न वाजवणाऱ्याला लिहून दिलाय."

"तो खोडून टाका, साहेब, पाया पडतो," हेडली म्हणाला. "नियम माझ्या आईचा आहे. आम्ही घरात बाराजण. सगळ्यांना एकेकदा मिळाल्याशिवाय कुणालाच दुसऱ्यांदा पुडिंग नाही. पण अकराजणांना वाढून झालं की ती म्हणायची, 'माझं पोट भरलंय, घ्या रे पुन्हा.'"

साहेबांनी खोडरबर मागितलं.

संध्याकाळी हेडलीची आई तपकिरी टोपी घालून तिसऱ्या रांगेत बसली होती. संथ भाग अकरा स्वरांतच संपला. मग शेवटच्या भागाच्या आरंभी सगळी वाद्यं थांबून राहिली, आणि तो बारावा स्वर सगळ्यांच्या आधी, एकटाच, पोटभर वाजला.