नर्गिसाचे कांदे

संस्थान विलीन झालं त्या वर्षी जव्हारला आलेल्या मास्तरीणबाई सोमीकडून अंगणात नर्गिसाचे कांदे लावून घेत होत्या. लावता लावता त्या ग्रीक लोकांची गोष्ट सांगू लागल्या. "हे फूल खुडायला एक मुलगी वाकली, तर भुई फाटली आणि पाताळाच्या राजानं तिला नेलं. आई शोधत फिरली. पण मुलीनं तिथले डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून ती कायमची परत येऊच शकली नाही."

सोमीचं खुरपं थांबलं. "तिकडचं खाल्लं म्हणून? किती दिसांनी खाल्लं तिनं?"

"भूक लागली तेव्हा," बाई हसल्या.

सोमी हात न धुताच उठली. तिची लेक पोशी वसईच्या मिठागरावर कामाला जाऊन आज चौथा दिवस होता, आणि सोमीनं नागलीच्या भाकरी तीनच दिवसांच्या बांधून दिल्या होत्या.