ढालवाला
अद्भुतरम्य कादंबरीमालेचा नववा, शेवटचा भाग आला, तेव्हा लेखकानं वाचनालयात वाचकांना विचारलं, "शेकडो वर्षांनी यातलं कोण दंतकथा होईल?" राजाचंच नाव येणार, म्हणून तो कॉलर सावरून बसला, त्या राजापायी त्यानं उभा जन्म घालवला होता. पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "राजा कसला? तो ढालवाला. दुसऱ्या भागात राजा त्याला 'मी येईपर्यंत ढाल धर' म्हणून गेला, तो बिचारा अजून पुलावर उभाय." टाळ्या पडल्या. "तोच तर खरा नायक," लेखक गंभीरपणे म्हणाला. बाहेर पडताना बायकोनं विचारलं, "त्याला साफ विसरलात ना?" "साफ." "बरं झालं. आठवला असता, तर तिसऱ्या भागात मेला असता." तेवढ्यात तिला मैत्रीण दिसली. "मी येईपर्यंत पिशवी धरा," म्हणून ती गेली. लेखक पिशवी छातीशी धरून ऐटीत उभा राहिला.