डिझेलच्या टाकीतली अंगठी

लग्नाची अंगठी फक्त मरणच उतरवतं, असं आम्ही सर्बियातले लोक मानतो. वुकोमनची डिझेलने उतरवली. ट्रॅक्टरचा डिझेलचा काटा बंद, म्हणून तो टाकीत काठी घालून डिझेल मोजत होता. बोट निसरडं झालं आणि अंगठी आत गेली.

"अंगठीशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही," त्याची बायको देसांका म्हणाली.

आम्ही शेजाऱ्यांनी टाकी सोडवून उलटी केली. अंगठी पडली.

पाठोपाठ दुसरी पडली.

"ही कुठल्या सटवीची?" देसांकाने ती उचलून आतलं कोरलेलं वाचलं. पहिलीत होतं तेच तिचं नाव, तीच लग्नाची तारीख. तिचा चेहरा खुलला. "माझीच आहे गं बाई!"

नुकतीच कुणाच्या बोटातून काढावी, तशी ती कोमट होती.

रिकाम्या टाकीत पुन्हा टण् वाजलं.

"तीही माझीच असणार," देसांका समाधानाने म्हणाली. "चला जेवायला."

सूप गार झालं होतं.