पांढरी पट्टी

"दीपेशची पट्टी जवळजवळ पांढरीच आहे," तिचा मॅनेजर संग्राम फोनवर म्हणाला. "त्याचं मशीन बंद करू. आणि मग दीपेशच्या नोकरीचं पण बघू."

क्षितिजाने नुसतं हं म्हटलं. तिच्या घरी, चंदनसारमध्ये, नेहमीप्रमाणे शुक्रवारची वीज गेलेली. इन्व्हर्टरवर एक पंखा कसाबसा फिरत होता.

कंपनीच्या एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात सगळ्या टीमची आभासी मशीनं होती. प्रोसेसर कधी कुणाला द्यायचा ते हायपरवायझर नावाचा प्रोग्राम ठरवायचा आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवायचा. त्या लाखो ओळींचं चित्र काढणारं प्लगइन ती दीड महिना लिहीत होती. प्रत्येक मशीनची एक आडवी पट्टी. चाललं की हिरवी, नाहीतर पांढरी. चारच्या मीटिंगमध्ये क्लायंट त्यावरून कोणती मशीनं ठेवायची ते ठरवणार होता.

दुपारी दीपेशचा फोन आला. तो टेस्टिंगचं काम चांदीपला घरूनच करायचा. मीटिंगचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. "मॅडम, सकाळपासून टेस्ट टाकून बसलोय. हलतच नाय."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. काम नसलेल्या मशीनवर काही अडकणार कसं?

तिने कोड उघडला. काम नाही, आणि काम आहे पण प्रोसेसर मिळालेला नाही, या दोन्ही वेळांना तिने एकच पांढरा रंग दिला होता. सुरुवातीला थांबण्याला नारंगी होता. स्क्रीन फार भडक दिसायची, म्हणून तात्पुरता काढला. मग राहूनच गेलं.

तिने नारंगी परत घातला. दीपेशची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगली. तिच्या वर संग्रामच्या टीमचं मशीन सलग हिरवं होतं; प्रोसेसर तेच धरून बसलं होतं.

चित्र पाठवताच संग्रामचा फोन आला. आधीचं किती स्वच्छ दिसत होतं, म्हणाला. आधीचं चुकीचं होतं, असं तिने सांगितलं.

"चूक कुणाची?"

"माझी."

"मग मीटिंगनंतर सुधार. आत्ता आधीचंच लाव."

ती तोंड धुवायला उठली. टँकर आला नव्हता, नळ कोरडा होता. चुरचुरणारे डोळे ओढणीने पुसून ती परत खुर्चीत बसली. प्लगइनच्या दोन्ही प्रती समोर होत्या. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

मीटिंगमध्ये सर्व्हरवरचं चालू चित्र तिच्याच लॅपटॉपवरून दाखवायचं होतं. तिने एक प्रत उघडली आणि स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी केली.

"हे नारंगी काय आहे?" क्लायंटकडच्या बाईंनी विचारलं.

क्षितिजाने माइक चालू केला.

"काम," ती म्हणाली. "नंबर न लागलेलं."

पट्ट्या उजवीकडे सरकत होत्या. दीपेशची अजून नारंगीच उमटत होती.